पंधरा महिने बाकी असताना: एका लिव्ह-लायसन्स कराराचा प्रकरण अभ्यास

घर कोथरूडमधलं, दोन बेडरूमचं, लिफ्ट असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. करार ३६ महिन्यांचा, १ मेपासून, रीतसर ऑनलाइन नोंदवलेला. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये भाडं, दर वर्षी पाच टक्के वाढ, डिपॉझिट एक लाख, लॉक-इन, म्हणजे दोघांनीही करार मोडायचा नाही असा काळ, १२ महिन्यांचं. घरमालक वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते स्वतः एरंडवण्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायटीत राहतात, पत्नी आणि ८७ वर्षांच्या आईसह. भाडेकरू कुटुंबात नवरा चाकणच्या कारखान्यात, बायको शाळेत शिकवणारी आणि मुलगी दहावीला. दीड वर्षात कुणाची कुणाबद्दल तक्रार नव्हती. भाडं पाच तारखेच्या आत येत होतं. हे आधीच सांगते, कारण अशा प्रकरणांत बरेचदा एक बाजू उघड चुकलेली असते आणि मग वकिलाचं, म्हणजे माझं, काम सोपं होतं. इथे तशी सोय नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एरंडवण्याच्या सोसायटीला बिल्डरचं पत्र आलं: पुनर्विकासासाठी ३१ जानेवारीपर्यंत घरं रिकामी करून द्या. घरमालक काका त्याच रात्री भाडेकरूंना व्हॉट्सअॅपवर लिहून मोकळे झाले. ‘करारानुसार एक महिन्याची नोटीस समजावी आणि ३१ डिसेंबरपर्यंत घर रिकामं करावं.’ दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलेलं उत्तर छोटं होतं: ‘काका, कराराचं कलम परत एकदा वाचाल का? आणि हिची दहावी आहे हे तुम्हाला माहीत आहे.’

मग काका कराराची प्रिंट घेऊन माझ्याकडे आले.

एका वाक्याचे दोन भाग

पुण्यामुंबईतले बहुतेक लिव्ह-लायसन्स करार ऑनलाइन नोंदणीच्या ठरीव मसुद्यावर होतात. एजंट घरी येतो, आधारवर अंगठा घेतो, फोटो काढतो आणि निघतो. मसुदा वाचतं कोण? भाड्याचा आकडा, डिपॉझिट आणि तारखा तपासल्या की झालं. काकांच्या करारातलं रद्द करण्याचं कलम या ठरीव धाटणीचंच होतं, आणि ते एकाच लांबलचक वाक्यात आहे. त्या वाक्याचा पहिला भाग मालकाचा: भाडेकरूने भाडं वेळेवर दिलं नाही, कराराच्या अटी मोडल्या किंवा अशा करारांनाच बंदी घालणारा कायदा आला, तर मालक एक महिन्याची लेखी नोटीस देऊन परवाना, म्हणजे घर वापरायला दिलेली परवानगी, रद्द करू शकतो. दुसरा भाग भाडेकरूचा: त्यालाही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन घर सोडता येईल. भाडेकरूच्या भागात कारणाची अट नाही. मालकाच्या भागात आहे.

काकांनी वाक्याच्या शेवटचा ‘एक महिना’ तेवढा लक्षात ठेवला होता. ते काही एकटे नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ मालकांची पक्की समजूत असते की लॉक-इन संपलं की दोघंही महिन्याच्या नोटिशीवर मोकळे. लॉक-इनचं कलम वेगळंच काम करतं. त्या काळात मालकाने घर रिकामं करा म्हणायचं नाही आणि भाडेकरूने सोडून जायचं नाही. तरी भाडेकरू गेला तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं त्याने द्यायचं, आणि मालकाने जायला सांगितलं तर झालेल्या नुकसानीची आणि गैरसोयीची भरपाई मालकाने द्यायची. ते बारा महिने केव्हाच उलटले होते, म्हणजे हे कलम आता कुणालाच लागू नव्हतं. पण ते संपलं म्हणून मालकाच्या हातात नवा अधिकार येत नाही. लॉक-इन संपल्यावर मोकळा होतो तो भाडेकरू.

“मग तिसरं काहीतरी काढा,” काका म्हणाले. “गॅलरीत कुंड्या ठेवल्यात, त्याबद्दल सोसायटीने एकदा पत्र दिलं होतं. ती अट मोडलीच की.”

कुंड्या केव्हाच काढल्या होत्या. न झालेला अटभंग नोटिशीत घातला की पुढे मालकाची प्रत्येक खरी गोष्टही खोटी वाटायला लागते, आणि समोरची माणसं शहाणी असतील तर पहिल्याच उत्तरात त्या नोटिशीचा निकाल लागतो. तो रस्ता मी बंद केला.

कायदा काय देतो

इथे थोडं थांबावं लागेल, कारण दोन वेगळ्या कायद्यांची सरमिसळ इथेच होते.

काकांना कुणीतरी सांगितलं होतं की ‘मालकाची स्वतःची निकड’ हे घर रिकामं करून घेण्याचं पक्कं कारण आहे. ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये आहेच. पण ते संरक्षण असलेल्या कुळासाठी, जुन्या पागडीच्या किंवा पिढीजात भाडेकरूला काढण्यासाठी. तिथे मालकाला न्यायालयात निकड सिद्ध करावी लागते आणि घर सोडण्याचा त्रास कुणाला जास्त होईल याचीही तुलना होते. लिव्ह-लायसन्सवरचा माणूस कूळ नसतो. त्याला ते संरक्षण नाही, म्हणून ते कारणही मालकाच्या कामाचं नाही.

लिव्ह-लायसन्सचं मूळ भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये आहे. त्यातल्या कलम ५२ ने परवाना म्हणजे काय ते सांगितलं आहे. कलम ६० म्हणतं की परवाना देणारा तो रद्द करू शकतो. अपवाद दोनच, परवान्याबरोबर मिळकतीचं हस्तांतरण जोडलेलं असेल किंवा परवानाधारकाने परवान्याच्या भरवशावर कायमचं बांधकाम करून पैसे घातले असतील. इथे दोन्ही नव्हतं. म्हणजे रद्द करण्याचा मूळ अधिकार काकांकडे होता. पण पुढची दोन कलमंही वाचावी लागतात. कलम ६३ प्रमाणे परवाना रद्द झाला तरी घर सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. कलम ६४ प्रमाणे मोबदला घेऊन दिलेला परवाना, परवानाधारकाची काही चूक नसताना, त्याने पुरता उपभोगण्याआधीच काढून घेतला, तर तो भरपाई मागू शकतो.

जाता जाता, घर विकायचं असलेल्यांसाठी: याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे परवाना देणाऱ्याने मिळकत दुसऱ्याला हस्तांतरित केली तर नवा मालक त्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. घर विकताना हे कलम मोठ्या दिमाखात सांगितलं जातं. प्रत्यक्षात रिकामा ताबा मिळाल्याशिवाय गिऱ्हाईक शेवटचा हप्ता सोडत नाही, आणि भाडेकरूची भरपाई विकणाऱ्याच्याच अंगावर येते.

तर काकांच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर असं झालं: रद्द करता येईल, वाजवी वेळ द्यावा लागेल, आणि दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर दीड महिना वाजवी म्हणायला कुणी धजणार नाही, शिवाय पैसे मोजावे लागतील.

आणि ते गेलेच नाहीत तर?

खरा अडसर इथे होता. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ हे लिव्ह-लायसन्स देणाऱ्या मालकांचं मोठं बळ आहे. मुदत संपूनही परवानाधारक निघाला नाही तर दिवाणी दाव्याच्या वाटेला न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बाजू मांडायची परवानगी शपथपत्रासह मागायची. नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. लेखी करारातल्या गोष्टींना तिथे निर्णायक पुराव्याचं वजन आहे. आणि मुदत संपल्यापासून घर सुटेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई.

पण कलमाची भाषा ‘परवान्याची मुदत संपल्यावर’ अशी आहे. बिल्डरच्या ३१ जानेवारीच्या तारखेलाही काकांच्या कराराची मुदत संपायला पंधरा महिने उरत होते. मधेच रद्द केलेला परवाना म्हणजे ‘मुदत संपली’ का, यावर समोरच्या वकिलाला भांडायला ऐसपैस जागा राहते. त्यातून हा रद्द करण्याचा अधिकारच करारात नाही म्हटल्यावर तर बोलायलाच नको. दुसरा रस्ता लघुवाद न्यायालयाचा. तिथे तारखा मोजत बसलो असतो तर मूळ कराराची मुदत आधी संपली असती.

तिसरा रस्ता काकांनीच दाखवला. करारातल्या ताब्याच्या कलमावर त्यांनी पेनाने खूण करून आणली होती: भाडेकरू निघाला नाही तर मालकाला कोर्टात न जाता त्याला आणि त्याच्या सामानाला बाहेर काढता येईल, अशा अर्थाचं वाक्य. हेही ठरीव मसुद्यातलंच. “इथे लिहिलंय. सही आहे त्यांची.”

सही असली तरी कुलूप बदलून कुटुंब बाहेर काढलं की विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली, बेकायदा ताबा काढून घेतला म्हणून, सहा महिन्यांत दावा लावता येतो. तिथे घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्नच मुख्य नसतो. तुम्ही कायद्याच्या वाटेने गेलात का, एवढाच असतो. पोलीस स्टेशनला काय होईल ते वेगळं. दहावीतली मुलगी दप्तर घेऊन जिन्यात उभी, हा फोटो कोथरूडमधल्या सगळ्या ग्रुपांवर तासाभरात फिरला असता. काकांनी पेनाची खूण बोटाने पुसायचा प्रयत्न केला. ती बॉलपेनची होती.

आधी हिशोब

मी त्यांना तो प्रश्न विचारला जो कुणीही विचारेल. बिल्डर तुम्हाला पर्यायी जागेचं दरमहा ४०,००० भाडं देणार, ब्रोकरेज आणि हलवाहलवीचे पैसेही देणार. कोथरूडमध्ये तसंच घर आज ३६,००० ला मिळतं. मग तुम्हीच भाड्याने राहा आणि त्या कुटुंबाला मुदत संपेपर्यंत राहू द्या. कायद्याची भानगडच नाही.

त्यांचं उत्तर खर्चाचं नव्हतं. आई व्हीलचेअरवर. बाथरूमच्या भिंतीला दांड्या बसवायच्या, उंबरठा काढायचा, बाथरूमचं दार रुंद करायचं. परक्याच्या घरात हे कोण करू देतं? आणि पुनर्विकासाच्या तीन वर्षांत घरं बदलत हिंडायचं त्यांना जमणार नव्हतं. “हक्काचं घर असताना मी दुसऱ्याच्या दारात का जाऊ?” हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दांड्यांचं कारण मला पटलं. हक्काचं तितकंसं नाही, कारण ते घर त्या वेळी त्यांच्या हक्काचं अर्धंच होतं.

कागदावर आकडे मांडले. परीक्षा मार्चमध्ये संपते, म्हणून घर १५ एप्रिलला सुटेल असं धरलं. त्यानंतर कराराचे साडेबारा महिने उरतात. एप्रिलच्या अर्ध्या महिन्याला ३१,५०० चा दर, मेपासून तिसऱ्या वर्षाचा ३३,०७५. बाजारभाव ३६,०००. भाडेकरूंना बाहेर जाऊन जास्त द्यावे लागणार ते अर्ध्या महिन्याचे २,२५० आणि बारा महिन्यांचे दरमहा २,९२५ प्रमाणे ३५,१००. एकूण ३७,३५०.

आता काकांची बाजू. भाडेकरू राहिले आणि काका भाड्याने गेले, तर ते देणार ३६,००० आणि त्यांना भाडेकरूंकडून मिळणार आधी ३१,५००, मग ३३,०७५. स्वतःच्या घरात राहायला गेले तर हा फरक वाचतो. तेवढ्याच काळाची बचत: ३७,३५०. तोच आकडा. असणारच, कारण करारातल्या आणि बाजारातल्या भाड्यातला फरक आजवर भाडेकरूंच्या खिशात राहत होता, तो आता काकांच्या खिशात जाणार होता. म्हणजे या व्यवहारात काकांना भाड्याच्या फरकातून जे मिळणार ते मुळात त्या कुटुंबाचंच होतं. हे समजल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “म्हणजे एवढे तर द्यायलाच हवेत.”

त्याशिवाय भाडेकरूंचा बुडीत खर्च होता. नव्या घराचं ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं म्हणजे ३६,०००. टेम्पो आणि माणसं १५,०००. एसी आणि पाण्याचा फिल्टर काढून बसवणं, इंटरनेट, नव्या करारातला वाटा, असे किरकोळ ५,०००. सगळं मिळून ९३,३५०.

सेलोटेपचं वेळापत्रक

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी कोथरूडच्या घरातच बसलो. काका, काकू, ते नवराबायको आणि मी. हॉलच्या भिंतीवर सेलोटेपने चिकटवलेलं हाताने आखलेलं वेळापत्रक होतं: सराव परीक्षा, विज्ञानाची प्रात्यक्षिकं, तोंडी, मग बोर्डाचे पेपर. काकांची नजर तिथे गेली आणि त्यांच्या तोंडून निघालं, “टेप काढताना रंग निघतो हो.” कुणी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, “निघू दे. मुलीचा शेवटचा पेपर होईपर्यंत या घरात कुणी काही हलवायचं नाही. पुढचं बोला.”

त्या एका वाक्याने तारखेचा प्रश्न सुटला. नंतर उरला तो पैशाचा, आणि पैशावर माणसं मोकळेपणाने भांडू शकतात. भाडेकरू बायकोने, म्हणजे शिक्षिका मॅडमनी, तीन महिन्यांचं भाडं मागितलं, ९४,५००. काकांनी फक्त ब्रोकरेजची तयारी दाखवली. त्यांना माझ्याकडचा हिशोबाचा कागद आठवत होता. तरी बोलणी सुरू झाली की माणूस खालूनच सुरू करतो. तासाभराने ठरलं ते असं: ब्रोकरेजचे ३६,००० आणि दीड महिन्याचं भाडं परत, म्हणजे ४७,२५०. एकूण ८३,२५०. कुटुंबाला १०,१०० ची तोशीस लागली, पण त्याबदल्यात परीक्षेपर्यंतची शांतता आणि तारखेची खात्री मिळाली. काकांना भाड्यातली बचत वजा जाता ही सोय ४५,९०० ला पडली. दांड्या बसवायच्या हक्काची ही किंमत.

नवऱ्याने एकच गोष्ट लावून धरली, आणि ती रकमेपेक्षा महत्त्वाची निघाली. नव्या घरमालकाला डिपॉझिट आधी द्यावं लागतं. जुनं मिळतं घर सोडल्यावर. मधल्या आठ-दहा दिवसांसाठी एक लाख कुठून आणायचे? म्हणून नव्या घराचा करार झाला की काकांनी निम्मं डिपॉझिट आणि ब्रोकरेजचे पैसे द्यायचे, उरलेलं सगळं किल्ली घेताना. काका कुरकुरले. पण ५०,००० त्यांच्याकडे राहतच होते.

कागद कसा केला

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हे.

सरळ पद्धत म्हणजे एक रद्दपत्र: ‘आम्ही संमतीने ठरवतो की करार १५ एप्रिलला संपेल.’ सह्या, साक्षीदार, झालं. पण १५ एप्रिलला काही बिनसलं तर आपण पुन्हा त्याच खड्ड्यात: नोंदवलेला करार म्हणतो मुदत पुढच्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत, आणि हातात एक साधा कागद. म्हणून जुना करार संमतीने १५ जानेवारीला संपवला आणि १६ जानेवारीपासून तीन महिन्यांचा नवा लिव्ह-लायसन्स करार केला. नव्या करारात आधीच्या कराराचा दस्त क्रमांक घालून तो संपल्याचं लिहिलं. आता १५ एप्रिल ही रद्द केल्याची तारीख नव्हती. मुदत संपल्याची होती. कलम २४ ला आता कुठे फट राहिली नाही. खर्च किरकोळ: मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्क्याच्या हिशोबाने, नोंदणी फी १,००० आणि एजंटचे पैसे.

इथे काकांनी एक सोयीची सूचना केली. दीड महिन्याचं भाडं परतच द्यायचं तर तीन महिन्यांच्या करारात निम्मं भाडंच लिहू या, १५,७५०. घेणं-देणं संपलं, हिशोब सुटसुटीत. दिसायला चोख, पण मालकाच्या दृष्टीने घातक. मुदतीनंतरची दुप्पट भरपाई करारातल्या भाड्यावर मोजली जाते. करारात १५,७५० लिहिलं की दुप्पट होते ३१,५००, म्हणजे नेहमीचंच भाडं. मुदतीनंतर राहिल्याचा काही तोटाच नाही! म्हणून करारात पूर्ण ३१,५०० ठेवलं, भाडं दर महिन्याला नेहमीसारखं यायचं, आणि सवलत वेगळ्या समझोता पत्रात: १५ एप्रिलपर्यंत रिकामा ताबा दिला तरच ४७,२५० देय.

उलट बाजूची भीतीही खरी होती. “आम्ही किल्ली दिली आणि काकांनी पैसे दिलेच नाहीत तर?” मॅडमनी हे काकांच्या तोंडावर विचारलं, ते मला आवडलं. त्यासाठी ४७,२५० आणि उरलेल्या डिपॉझिटचे ५०,००० असा ९७,२५० चा, १५ एप्रिल तारखेचा धनादेश काकांनी समझोत्याच्या दिवशीच त्यांना दिला. धनादेश वटला नाही तर पुढे काय होतं ते वीज मंडळातल्या हिशेबनीसाला मी सांगायची गरज नव्हती.

आणि डिपॉझिटमधून कापायच्या गोष्टींची यादी जानेवारीतच केली. भाडेकराराची बहुतेक कडवट भांडणं शेवटच्या दिवशी भिंतीकडे बघत होतात. घरभर फिरून लिहिलं: बेसिनला आधीपासून चीर; मुलीच्या खोलीची डासांची जाळी फाटलेली, ती भाडेकरू बदलून देणार; गॅलरीच्या नळाचा वॉशर मालकाचा; रंगाचा खर्च कुणाचाही नाही. शेवटच्या कलमावर काकांनी सही करायला जरा वेळ घेतला.

पुढे काय झालं

पुनर्विकासात तारखा घसरतात, तशी इथेही घसरली. दोन सभासदांचे कागद अडकले आणि एरंडवण्याची घरं जानेवारीऐवजी फेब्रुवारीअखेर रिकामी झाली. तरी काकांना सहा आठवडे बाणेरला मुलीकडे काढावे लागले. सामान गोडाऊनमध्ये, आई मुलीच्या हॉलमध्ये. घरं बदलत हिंडायचं नाही हे जे त्यांनी सुरुवातीला ठामपणे सांगितलं होतं, ते पुरतं साधलं नाहीच.

भाडेकरूंना मार्चच्या शेवटी त्याच रस्त्यावर, दोन इमारती सोडून, घर मिळालं. भाडं ३७,०००, हिशोबापेक्षा हजार जास्त. त्यांनी तो फरक काकांकडे मागितला नाही. १२ एप्रिलला किल्ली दिली. मी मुद्दाम गेले होते. जाळी नवी होती, बेसिनची चीर होती तिथेच होती, आणि वेळापत्रकाखालचा रंग खरंच निघाला होता, चार कोपऱ्यांत चार चौकोन. काकांनी ते बघितले, ताबा पावतीवर सही केली आणि सोसायटीच्या ऑफिसात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते) बंद करायचा अर्ज द्यायला खाली गेले. पंधरा तारखेचा धनादेश सतराला वटला.

नव्या घराचा करार करताना मॅडमनी मला मसुदा पाठवला. रद्द करण्याच्या कलमात त्यांना एक भर हवी होती, आणि तेव्हापासून ती मी माझ्या सगळ्या मसुद्यांत सुचवते: लॉक-इननंतर मालकाला कारण न देताही करार संपवता येईल, पण तीन महिन्यांची लेखी सूचना आणि दीड महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम देऊन, सूचनेची मुदत शैक्षणिक वर्षाच्या मध्ये संपत असेल तर ती एप्रिलअखेरपर्यंत वाढेल, आणि सूचनेचा शेवटचा दिवस हाच परवान्याची मुदत संपल्याचा दिवस मानला जाईल. शेवटच्या वाक्यावर वाद होणारच नाही असं नाही, पण निदान दोघांनी सही करताना ते ठरवलेलं असतं.

त्यांच्या नव्या घरमालकाने तीन महिन्यांचे दोन केले, एप्रिलअखेरची अट ठेवली आणि दीड महिन्याच्या रकमेवर बराच घोळ घातला. शेवटी एक महिन्यावर सही झाली.